प्यादे एक घर की दोन? बुद्धिबळाची सुरुवात, संगणक आणि पुसले जाणारे पाठांतर

१.
अंबरनाथजवळच्या पालेगावात आता उंच इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. त्यांतल्या एका सोसायटीच्या आवारात गेल्या मे महिन्यात मी एक डाव पाहिला. एका बाजूला बारा-तेरा वर्षांचा मुलगा, समोर ऐंशी ओलांडलेले आजोबा. मुलाने राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवले. आजोबांनी आपले प्यादे एकच घर पुढे केले आणि म्हणाले, "आमच्या गावाला प्यादं एकच घर चालायचं रे." मुलगा हसून म्हणाला, "आजोबा, ही ओपनिंग माझ्या ॲपमध्ये नाही."

२.
आजचा धागा या दोन वाक्यांविषयी आहे. डावाच्या पहिल्या दहा-पंधरा चाली कोणाच्या असतात? खेळणाऱ्याच्या, ग्रंथाच्या, की यंत्राच्या? आणि या चाली साचेबंद झाल्या की नियमच बदलावेत असे खेळाडूंना का वाटू लागते? उत्तर शोधताना बगदाद, मुंबई, कोलकाता, ब्वेनोस आयरेस असा प्रवास करून आपण पुन्हा पालेगावात येऊ.

३.
प्रथम आपला परिसर. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इ.स. १०६० चे. त्यानंतर सुमारे सात दशकांनी, ११३० च्या आसपास, कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावे 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध झाला. (ही कल्याणी म्हणजे आपल्या शेजारचे कल्याण नव्हे, ते कर्नाटकातील बसवकल्याण.) राजाच्या करमणुकींमध्ये या ग्रंथाने चतुरंगालाही स्थान दिले आहे. पुढे सतराव्या शतकात, मूळच्या पैठणच्या आणि काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी 'नीतिमयूखा'त बुद्धिबळाच्या क्रीडेचे वर्णन केले.

४.
पण 'सुरुवातीचे शास्त्र' प्रथम मोठ्या प्रमाणावर लिहिले गेले ते अरबी भाषेत. नवव्या-दहाव्या शतकांत बगदादच्या दरबारात अल-अदली, अस-सूली असे नामांकित खेळाडू होते. त्या काळचा वजीर तिरके एकच घर चाले, आणि आज ज्याला आपण उंट म्हणतो ते मोहरे तिरके दोनच घरे उडी मारत असे. दोन सैन्ये भिडायला वेळ लागे. त्यामुळे समोरचा काय करतो याकडे फारसे न पाहता खेळाडू आपली ठरावीक व्यूहरचना उभी करीत. या रचनांना 'तअबिया' म्हणत. प्रत्येकीला नाव असे आणि ती पाठ केली जाई.

५.
पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनच्या परिसरात नियम पालटले. वजीर आणि उंट यांना आजचा लांब पल्ला मिळाला. पाच-सहा चालींत मात होऊ शकेल असा तो नवा, तिखट खेळ होता. १४९७ मध्ये सालामांका येथे लुसेनाचे पुस्तक छापले गेले आणि नव्या नियमांतील सुरुवातींची चर्चा छापील पानावर आली. त्याच वेळी शतकानुशतके जपलेल्या तअबिया निरुपयोगी ठरल्या. एक नियम बदलला आणि एका संपूर्ण परंपरेचे पाठांतर पुसले गेले. हे लक्षात ठेवा; हीच गोष्ट आपल्याकडेही घडणार आहे.

६.
भारतातही पुढे लांब पल्ल्याचा वजीर रुळला, परंतु इतर नियम आपलेच राहिले. प्रांतागणिक फरक असत, तरी ढोबळ चित्र असे: प्यादे पहिल्या चालीतही एकच घर जाई. किल्लेकोट नव्हता; त्याऐवजी शह बसण्यापूर्वी राजाला एकदाच घोड्याची उडी मारता येई. अनेक ठिकाणी राजासमोर राजा नसे, वजीर असे. शेवटच्या घरी पोचलेले प्यादे बहुधा त्या उभ्या ओळीच्या मूळ मोहऱ्याचे रूप घेई. आणि प्याद्याने दिलेली मात विशेष मानाची समजली जाई.

७.
या नियमांचा सुरुवातीवर काय परिणाम होई? प्यादी एकेक घर सरकत असल्यामुळे पटाच्या मध्यावर लगेच चकमक होत नसे. उंटाला वाट हवी म्हणून घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवायचे आणि उंट कोपऱ्याच्या लांब कर्णावर बसवायचा, ही स्वाभाविक मांडणी होती. पहिल्या दहा-बारा चालींत घाई करण्याचे कारण नसे. खेळाडूचे खरे कसब मधल्या आणि अखेरच्या टप्प्यात दिसे.

८.
याची एक सुंदर साक्ष मुंबईत सापडते. १८१४ मध्ये येथे एक इंग्रजी पुस्तक छापले गेले. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या 'विलासमणिमंजरी' या संस्कृत ग्रंथाचा तो अनुवाद होता. मुखपृष्ठावरच सांगितले आहे की मजकूर 'युरोपीय पद्धतीला जुळवून' घेतला आहे, आणि त्यात प्रामुख्याने पटावरील निवडक, कठीण स्थिती आहेत. हे दोन तपशील एकत्र वाचा. आपल्या शास्त्र्यांनी जपण्याजोगी मानलेली विद्या सुरुवातीची नव्हती. ती मात कशी साधावी याची होती. आणि ती इंग्रजी वाचकापर्यंत पोचताना तिला नियमांचा अंगरखा बदलावा लागला.

९.
तीन-चार दशकांनी कोलकात्यात हीच भेट पटावर झाली. जॉन कॉक्रन हा स्कॉटिश बॅरिस्टर तेथील बलाढ्य खेळाडू. १८४८ पासून त्याचे महेशचंद्र बॅनर्जी या बंगाली खेळाडूशी असंख्य डाव रंगले. महेशचंद्र युरोपीय नियमांनी खेळत, पण हात जुन्या वळणाचा: प्यादी एकेक घर, उंट लांब कर्णावर. युरोपीय जाणकारांना ही पद्धत विचित्र वाटे. आज 'किंग्ज इंडियन', 'निम्झो-इंडियन' अशा सुरुवातींच्या नावांत जो 'इंडियन' शब्द आहे, त्याचे मूळ या डावांशी जोडले जाते. देशी नियम मागे पडले. त्यांनी लावलेली सवय मात्र विश्वविजेत्यांच्या खेळात शिरली.

१०.
सगळ्यांचे नशीब असे नव्हते. पंजाबचे मीर सुलतान खान देशी पद्धतीत वाढले आणि मोठेपणी आंतरराष्ट्रीय नियम शिकले. १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत माजी विश्वविजेता कापाब्लांका यालाही हरवले. परंतु त्यांचा दुबळा भाग सर्वांना ठाऊक होता: सुरुवात. युरोपातील खेळाडू लहानपणापासून जे ग्रंथ पाठ करत आले, ते सुलतान खान यांच्या वाट्याला आलेच नव्हते. पहिल्या पंधरा चालींत ते अडचणीत येत आणि पुढच्या चाळीस चालींत स्वतःच्या बुद्धीने त्यातून बाहेर पडत.

११.
आता महाराष्ट्र. १९५५ मध्ये एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. मुंबईचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. व्यंकय्या संयुक्त विजेते ठरले. १९७४ मध्ये बंगळुरूला पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंती खाडिलकर यांनी जिंकली. पुढे जयश्री आणि रोहिणी या त्यांच्या बहिणींनीही तो मान मिळवला. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या माध्यमातून वर्षानुवर्षे स्पर्धा भरवल्या. ही सारी मंडळी आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळत होती. गावोगावच्या ओट्यांवर मात्र एक घर चालणारे प्यादे अजून जिवंत होते.

१२.
या पिढीपुढची खरी अडचण माहितीची होती. १९६६ पासून बेलग्रेडहून 'इन्फॉर्मेटर' हे डावांचे नियतकालिक निघू लागले. १९७४ पासून तेथूनच सुरुवातींचा ज्ञानकोश प्रकाशित झाला. त्यात जगातील सर्व सुरुवाती 'ए००' पासून 'ई९९' पर्यंत ५०० सांकेतिक क्रमांकांत बसवल्या होत्या. ज्याच्या हाती हे ग्रंथ, तो डाव सुरू होण्यापूर्वीच पुढे. सोव्हिएत खेळाडूमागे प्रशिक्षकांची संपूर्ण व्यवस्था असे. येथील खेळाडूकडे बहुधा एखादा जुना अंक असे, तोही चार जणांत फिरणारा.

१३.
१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात चित्र बदलू लागले. हॅम्बुर्गच्या 'चेसबेस' या प्रणालीने लाखो डाव संगणकात साठवून क्षणात शोधण्याची सोय केली. प्रतिस्पर्ध्याने गेल्या पाच वर्षांत कोणकोणत्या सुरुवाती खेळल्या हे एका संध्याकाळी कळू लागले. लक्षात घ्या, संगणकाचे हे पहिले काम विचार करण्याचे नव्हते; ते ग्रंथपालाचे होते. यंत्राने आधी खेळाडूची स्मृती ताब्यात घेतली, त्याचा निर्णय नंतर.

१४.
११ मे १९९७. न्यूयॉर्कमध्ये 'डीप ब्लू' या यंत्राने गॅरी कास्पारोव्हला सहाव्या डावात अवघ्या १९ चालींत हरवून सामना जिंकला. त्या डावात यंत्राने आठव्या चालीला 'ई६' घरावर घोड्याचे बलिदान दिले होते. यंत्राला अशी कल्पना सुचली याचे जगाला आश्चर्य वाटले. वस्तुतः ती चाल यंत्राने गणित करून शोधलेली नव्हती. माणसांनी त्याच्यात भरलेल्या सुरुवातींच्या ग्रंथात ती होती. मानवी बुद्धीवर यंत्राने मिळवलेला सर्वांत गाजलेला विजय पाठांतराच्या बळावर सुरू झाला होता.

१५.
पुढे यंत्र खरोखर विचार करू लागले. २००८ मध्ये 'स्टॉकफिश' हे विनामूल्य इंजिन आले. डिसेंबर २०१७ मध्ये 'अल्फाझीरो'ची बातमी आली: त्याला फक्त नियम दिले होते, मानवी डावांचा एकही ग्रंथ दिला नव्हता. स्वतःशीच खेळत ते शिकले आणि स्टॉकफिशला भारी पडले. कडेचे प्यादे धाडसाने पुढे ढकलणे, साधनसंपत्तीपेक्षा हालचालीच्या स्वातंत्र्याला महत्त्व देणे, अशा त्याच्या कल्पना थोरामोठ्यांच्या खेळात उतरल्या. जुन्या ग्रंथांनी त्याज्य ठरवलेल्या कित्येक चाली यंत्राने निर्दोष ठरवल्या, आणि कित्येक लाडक्या चालींमधले खोट दाखवले.

१६.
याचा एक परिणाम म्हणजे बरोबऱ्या. दोन्ही बाजूंची तयारी यंत्राने तपासलेली असली की चूक व्हायची कुठे? २०१८ च्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यात कार्लसन आणि कारुआना यांचे बाराही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले. निकाल जलद डावांनी लावावा लागला. दुसरा परिणाम सूक्ष्म आहे. एप्रिल २०२४ मध्ये टोरोंटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत नाशिकच्या विदित गुजराथीने काळ्या मोहऱ्यांनी हिकारू नाकामुराविरुद्ध सुरुवातीलाच 'एच३' घरावर उंट दिला आणि डाव जिंकला. आज असे बलिदान पाहिले की प्रेक्षकाच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो: हे पटावर सुचले की घरी? पूर्वी हा प्रश्न कौतुकाच्या नंतर येई.

१७.
या रोगावर एक औषध बॉबी फिशरने १९ जून १९९६ रोजी ब्वेनोस आयरेस येथे जाहीर केले: मागच्या ओळीतील मोहरी चिठ्ठ्या टाकून मांडा. कल्पना अगदी नवी नव्हती. १७९२ मध्ये डच सरदार व्हान झाउलेन याने सोडतीने मांडणी सुचवली होती, आणि ब्रह्मदेशच्या 'सितुयिन' खेळात तर मोहरी कुठे ठेवायची हे खेळाडूच ठरवतात. फिशरने दोन अटी घातल्या. दोन उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांवर हवेत, आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये हवा, म्हणजे किल्लेकोट शक्य राहील.

१८.
मांडण्या किती होतात? हिशेब सोपा आहे. पांढऱ्या घरावरच्या उंटाला ४ जागा, काळ्या घरावरच्या उंटाला ४. उरलेल्या ६ घरांत वजिराला ६ पर्याय. मग राहिलेल्या ५ घरांत दोन घोडे बसवण्याचे १० प्रकार. शेवटच्या ३ घरांत राजा मध्ये, हत्ती दोन्ही बाजूंना, पर्याय एकच. ४ × ४ × ६ × १० = ९६०. म्हणून नाव 'चेस ९६०'. प्रचलित क्रमांकनात आपली नेहमीची मांडणी ५१८ वी आहे. शतकानुशतके ज्या एका मांडणीवर ग्रंथांचे डोंगर रचले गेले, ती ९६० पैकी एक.

१९.
२०१९ मध्ये या प्रकाराची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा फिडेच्या मान्यतेने झाली. वेस्ली सो याने अंतिम सामन्यात कार्लसनला १३.५–२.५ असे नमवले. २०२२ मध्ये रेक्याविकला विजेता ठरला तोच नाकामुरा, ज्याला पुढे विदितने हरवले. २०२४ मध्ये जर्मनीत वायसेनहाउस येथून 'फ्रीस्टाइल' या नावाने मोठ्या स्पर्धा सुरू झाल्या. मांडणी डावाच्या थोडा वेळ आधीच कळते. त्यामुळे जगातील अव्वल खेळाडू पहिल्याच चालीला दहा-दहा मिनिटे विचार करताना दिसतात. सुलतान खान यांना हे दृश्य ओळखीचे वाटले असते.

२०.
मग यंत्र हद्दपार झाले का? नाही. ९६० मांडण्या माणसाला पाठ होणे अवघड आहे, यंत्राला प्रत्येक मांडणी सारखीच. कोणत्या मांडणीत पांढऱ्याला जास्त फायदा आहे हे इंजिनच सांगते, आणि अभ्यासासाठी खेळाडू त्याच्याकडेच जातात. यादृच्छिक मांडणी यंत्राची ताकद कमी करत नाही. यंत्राने शिकवलेले घरून पाठ करून आणण्याची वाट तेवढी बंद करते. डाव सुरू झाल्यावर माणूस माणसासमोर उरतो.

२१.
आता या कथेतील माझा आवडता तपशील. २०२० मध्ये अल्फाझीरोच्या निर्मात्यांनी माजी विश्वविजेते व्लादिमिर क्रामनिक यांच्यासह एक प्रयोग प्रसिद्ध केला. बुद्धिबळाचे नऊ बदललेले नियम घेऊन त्यांनी यंत्राला प्रत्येक प्रकार नव्याने शिकू दिला. त्यांतला एक प्रकार: किल्लेकोट नाही. आणखी एक: प्यादे पहिल्या चालीतही एकच घर! जगातील सर्वांत पुढारलेल्या यंत्रासमोर, खेळ ताजा करण्याचा उपाय म्हणून, आपल्या ओट्यावरचे दोन नियम ठेवले गेले होते. किल्लेकोटाविना पहिली स्पर्धा तर जानेवारी २०२० मध्ये चेन्नईतच झाली होती. ज्या देशाने आपला किल्लेकोटरहित खेळ कधीच मागे टाकला होता, तेथेच तो प्रयोग म्हणून परतला.

२२.
इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यातून एक गोष्ट महत्त्वाची वाटते. नियम बदलला की कोणाचे तरी पाठांतर पुसले जाते. तअबिया पुसल्या गेल्या तेव्हा जुन्या दरबारी खेळाडूंचे नुकसान झाले. देशी नियम गेले तेव्हा आपल्या खेळाडूंची कमाई एका फटक्यात कवडीमोल झाली, आणि समोरच्याची शाबूत राहिली. तो सामना विषम होता. फिशरच्या सोडतीत मात्र जगज्जेत्याचे आणि नवशिक्याचे पाठांतर एकाच क्षणी पुसले जाते. म्हणून तिला मी सौम्य बदल म्हणेन. पूर्ण न्याय तीही देत नाही, कारण मध्य आणि अंत जाणणाराच शेवटी जिंकतो.

२३.
संगणकाला सरसकट दोष देणेही अन्यायाचे ठरेल. १९७० च्या दशकातील खेळाडूला जो ग्रंथ महिनोन्महिने मिळत नसे, त्याहून कितीतरी अधिक ज्ञान आज पालेगावातील त्या मुलाच्या मोबाइलमध्ये आहे, तेही फुकट. विश्वविजेता जे इंजिन वापरतो तेच त्याच्या हाती आहे. जुलै २०२५ मध्ये बातुमी येथे नागपूरची दिव्या देशमुख वयाच्या १९ व्या वर्षी महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. अंतिम फेरीत कोनेरू हंपीविरुद्धचे दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले. निकाल लागला जलद डावांत, जेथे घड्याळ पुढे पळते आणि पाठांतर लवकर संपते.

२४.
त्या संध्याकाळच्या डावाचे काय झाले? पहिल्या दहा चालींत मुलगा स्पष्ट वरचढ होता. त्याचे सारे काही पाठ होते. मग आजोबांनी घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवले, उंट कोपऱ्याच्या कर्णावर नेला आणि वाट पाहत बसले. ॲपमधले संपले तसा मुलगा थांबू लागला. सुमारे तासाभराने आजोबांच्या एका प्याद्याने त्याच्या राजाला कोपऱ्यात गाठले. "प्याद्याची मात," आजोबा एवढेच म्हणाले. मुलाने पट पुन्हा मांडला आणि विचारले, "आजोबा, तुमच्या नियमांनी खेळायचं का?"

२५.
आजोबांनी त्याला राजाची घोड्याची उडी दाखवली, बढतीचा नियम सांगितला. एका नियमापाशी ते अडखळले; वजिरापुढच्या प्याद्याबद्दल गावात काही अपवाद होता, तो त्यांना आठवेना. तो कुठल्याही इंजिनमध्ये सापडणार नाही. स्टॉकफिशला ९६० मांडण्या सारख्याच परिचित आहेत, पण मिरजेच्या, पैठणच्या किंवा बदलापूरच्या ओट्यावर प्यादे कसे चालत होते हे जाणणारी माणसे आता मोजकी आहेत.

२६.
म्हणून मित्रहो, एक विनंती. आपल्या घरी, शेजारी, गावी कोणी जुन्या पद्धतीने बुद्धिबळ खेळले असेल तर त्यांना या चार गोष्टी विचारा: प्यादे पहिल्या चालीत किती घरे जाई? राजासमोर कोण असे? राजाची उडी कधी चाले? प्यादे शेवटच्या घरी पोचले की काय होई? गावाचे नाव आणि अंदाजे साल यांसह उत्तरे खाली लिहा. आलेली उत्तरे जिल्हावार लावून पुढच्या धाग्यात मांडीन.